तेजलचा हुक

देवनारच्या बुद्धविहारात संध्याकाळची वंदना झाली, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, की मागच्या अंगणात संघमित्राताई पोरींना बॉक्सिंग शिकवायची. एके काळी राज्य स्पर्धेपर्यंत गेलेली बाई. आता पोटासाठी एका सोसायटीच्या गेटवर ड्यूटी. लग्न नाही, मूलबाळ नाही. जीव काय तो या पोरींवर, त्यातही तेजलवर.

तेजलचा डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारायचा ठोसा, नुसत्या हाताने जायचा, कंबर उशिराने मागून यायची.

"अगं, दंडात कसलं बळ?" ताई करवादायची. "पुढची टाच फिरव, तिच्याबरोबर कंबर. मूठ आपसूक येते. तू तर माश्या हाकलतेस."

जमेना. मग ताईने तिच्या कमरेला ओढणी बांधली, टोक उजव्या कुशीकडून मागे आपल्या हातात घेतलं. ठोसा निघायच्या क्षणी झटका द्यायची. उजवी कूस मागे, डावी पुढे. ठोसे मारायची टांगलेली पिशवी अशी वाजू लागली की विहारातल्या म्हाताऱ्या डोकावून जायच्या. एकदा ओढणी सोडून पाहिली तर ठोसा पुन्हा लुळा. निवडीची स्पर्धा तोंडावर आलेली. ताईने घाईघाईने ओढणी परत बांधली.

तेजलची आई शकु हिने ताईला बजावलंच होतं, "निवड झाली तर खेळू दे. नाही तर मॉलमध्ये साफसफाईचं काम बोलून ठेवलंय."

मुलुंडच्या हॉलमध्ये दुसऱ्या फेरीत समोरच्या मुलीचा उजवा हात खाली आला. कानापाशी सगळं मोकळं. तेजलची मूठ निघाली. कंबर मात्र जागच्या जागी, झटक्याची वाट बघत. दोरांबाहेर ताईची मूठ नकळत मागे ओढली गेली, रिकामीच. तेवढ्यात समोरून सरळ ठोसा आला नि तेजलचा जबडा मोडला.

ताई पेजेचा डबा घेऊन घरी गेली तेव्हा तेजलचे दात तारेने बांधलेले होते. शकु दारातच उभी.

"माझं चुकलं, शकु. तिची कंबर माझ्या हातावर चालायची."

"ते मला नाय कळत, ताई. मॉलवाले सोमवारी बोलावतायत. या तोंडाने जाईल ती."

"बरी झाली की मुळापासून शिकवते. माझा हात न लावता."

आतून तेजलने ऐकलं. ताईकडे बघून तिने सावकाश मान हलवली, नाही म्हणून.

शकुने पेज आपल्या पातेल्यात ओतली, डबा तिथल्या तिथे विसळला आणि रिकामाच ताईच्या हातात दिला.