नवसाचा चांदीचा पाय

महादेवावर माझा विश्वास आहे, पण त्या हिवाळ्यात मी त्याच्याशी रोज भांडत होते. धानकापणीत एक धसकट माझ्या उजव्या तळव्यात, अंगठ्याच्या खाली शिरलं. मला साखरेचा आजार, पायाची जाणीव निम्मीच उरलेली, त्यामुळे शिरलं तेव्हा कळलंच नाही. कळलं ते जखमेला वास यायला लागला तेव्हा. मी हळद भरली, कडुनिंबाच्या पाण्यानं धुतलं, चिंधी बांधली आणि गप्प बसले. दवाखाना म्हटलं की मला पाय कापलेली माणसंच डोळ्यांपुढे दिसत. देवघरासमोर मात्र तोंड चालू असायचं. एवढी वर्षं सोमवार धरले, त्याचं हे फळ का, असं मी त्याला सरळ विचारायची.

शेवटी एके दिवशी ह्यांनीच चिंधी सोडली आणि कपाळावर हात मारला.

"काऊन लपवून राहिली होतीस वं?"

"तुमी वरडले असते म्हणून."

"मंग आता काय आरती करू का तुई?"

आमच्याकडे ज्या अवयवाचं दुखणं, तो अवयव चांदीचा करून देवाला वाहतात. मी अट घातली की आधी गोंदियात चांदीचा पाय घ्यायचा, जवळच्या नागरा गावच्या महादेवाला वाहायचा, मगच डॉक्टर. हे खूप चिडले. पण चोरखमारा गावाकडून निघालेल्या बसमध्ये माझी पिशवी मांडीवर घेऊन बसले तेही हेच.

सराफानं डबा उघडला. आत चांदीच्या पातळ पत्र्याचे डोळे, हात, पाय, सगळी माणसाची मोडतोड एकत्र. त्यानं सहज विचारलं, "बाई, दायाँ दूँ कि बायाँ?" बाजारात वांगी निवडावीत तसा तो प्रश्न! मला इतक्या दुखण्यात हसू फुटलं. दाखवायला म्हणून मी उजवा पाय पुढे केला, तशी शेजारी बसलेली एक बाई एकदम माझ्याकडे वळली. ती पैंजणाची तुटलेली कडी जोडून घ्यायला आली होती. वास तिला आला असणार. नाकाला पदर लावायचं सोडून ती खाली बसली आणि तिनं माझा पाय सरळ आपल्या हातात घेतला. मी लाजेनं अर्धी झाले. परक्या बाईनं माझा असला पाय धरावा!

"काकू, देवाले चांदी मंग द्या. आधी पायाले लावू."

"पायाले चांदी?"

"हो. नर्स आहो मी, जखमा बांधाचं कामच आहे माझं. पन आजच चला. उद्या म्हनाल तं पाय वाट पाहनार नाही."

चांदीचा पाय पिशवीत टाकून आम्ही तिच्यासोबत तिच्या दवाखान्यात गेलो. तरुण डॉक्टरांनी जखम उघडून सडलेलं मांस काढलं, रक्त तपासलं, सलाइन लावलं आणि मला भरती करून घेतलं. अंगठा वाचेल की नाही हे आत्ता सांगता येत नाही, असं ते स्पष्टच म्हणाले. मग त्या बाईनं जखमेवर एक राखाडी पट्टी ठेवली. तिच्यात खरंच चांदी होती. ही चांदी जंतूंना मारते, पण एकट्या चांदीच्या भरवशावर राहू नका, इंजेक्शनं घ्या, साखर सांभाळा आणि त्या पायावर भार देऊ नका, असं तिनं बजावलं. मी देवाला चांदी द्यायला निघाले होते आणि त्याआधीच चांदी माझ्या पायाला येऊन लागली. खाटेवर पडल्या पडल्या मी एकटीच हसत होते. ह्यांना वाटलं, ताप डोक्यात गेला.

घरी सोडल्यावर एका सकाळी ह्यांना पट्टीच्या कडेला काळं दिसलं. "गेला पाय," म्हणत त्यांनी मला शेजाऱ्याच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वाटेत मी डोळे मिटून महादेवाला एवढंच म्हटलं, बाबा, भांडून झालं माझं, आता तू म्हणशील तसं. नर्सबाईंनी पट्टी उचलली आणि त्या खळखळून हसल्या.

"काका, घरची पैंजणं काळी पडत नाहीत का? चांदीच ते. खाली तं पाहा."

खाली लालचुटूक, ताजं मांस भरून येत होतं. डॉक्टरांनी वाकून पाहिलं आणि अंगठा राहील म्हणाले. हे तिथेच, सगळ्या वॉर्डासमोर, लहान पोरासारखे रडले आणि रडता रडता माझ्यावरच ओरडले. इतका आनंद मला लग्नातही झाला नसेल.

मी नर्सबाईंना म्हटलं, तुम्हाला महादेवानंच त्या दुकानात धाडलं. त्या म्हणाल्या, "काकू, मी बुद्धाले मानतो. मले तं तुटल्या कडीनं धाडलं." मी वाद घातला नाही. ज्यानं कोणी धाडलं, त्याचा पत्ता विचारून काय करायचं? जखम भरल्यावर नवसाचा पाय नागऱ्याला वाहिला. पिंडीसमोर उभी राहिले तर मागायला काही आठवेना, म्हणून नुसती उभी राहिले.

आता रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की हे चष्मा लावून ओसरीवर बसतात आणि माझे तळवे, बोटांच्या बेचक्या एकेक करून तपासतात. डॉक्टरांनीच तसं सांगितलं आहे. नवऱ्यानं बायकोचे पाय मांडीवर घ्यावेत, याची पहिल्यांदा मला फार लाज वाटली. शरण जाणं म्हणजे देवापुढे डोकं टेकवणं, एवढंच मला ठाऊक होतं, आणि ते सोपं असतं. जे लपवावंसं वाटतं ते दुसऱ्याच्या हाती सोपवणं मला या दुखण्यानं शिकवलं. तळवे पाहून झाल्यावर हे म्हणतात, "ठीक आहे, जा." मी हात जोडते. ते विचारतात, "कोनाले?" मी म्हणते, "तुमाले बी."