स्टेशनचा घोडा आणि माझी सायकल

आमच्या घरापासून मुलींच्या शाळेपर्यंत जाताना एकच मोठा चौक लागतो. डावीकडचा रस्ता स्टेशनला जातो, उजवीकडचा मिरचीच्या बाजाराला आणि समोरचा शाळेकडे. सकाळच्या वेळी नंदुरबारमधल्या बहुतेक सगळ्यांना एकतर गाडी गाठायची असते नाहीतर मिरची विकायची असते. त्यामुळे त्या चौकात आलेलं प्रत्येक चाक वळतं. सरळ जायचं असतं ते फक्त मला.

मॅट्रिकपर्यंत मी पुण्याला इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात होते. तिथे व्यायामाच्या मडमबाईंनी आम्हाला मैदानावर खडूने रस्ते आखून सायकल शिकवली. उजवीकडे वळायचं तर उजवा हात सरळ बाहेर काढायचा. डावीकडे वळायचं तर तोच हात हवेत गोल फिरवायचा. थांबायचं तर हात वर-खाली हलवायचा. हे सगळं मी इतकं मन लावून शिकले की मला त्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते मैदान रिकामं होतं, हे मात्र तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर मला इथल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचं काम मिळालं. वडील वकील आहेत. त्यांनी कामाला हरकत घेतली नाही, पण सायकलीला एक अट घातली.

"चौकातल्या एका जरी वाहनाचा धक्का लागला, तर सायकल दुसऱ्या दिवशी शेतावर काकांकडे जाईल," ते म्हणाले. "तुला शाळेत पोचवायची काहीतरी दुसरी सोय पाहू."

ती दुसरी सोय मला माहीत होती. शाळेची शिपाईबाई घरोघर जाऊन मुली गोळा करते आणि त्यांना ओळीने घेऊन जाते. त्या ओळीत मास्तरीणही चालली, तर वर्गात तिचं कोण ऐकणार होतं? म्हणून मला ती सायकल हवी होती. आणखीही एक कारण होतं, ते मी कोणाला सांगितलं नाही. सायकलवर असताना कोणी थांबवून बोलत नाही.

मला परक्यांशी बोलणं जमत नाही. इंग्रजी येतं, पुस्तकातलं मराठी येतं, पण चौकात दोन्हींचा उपयोग नाही. तिथे सगळं अहिराणीत चालतं, आणि तेही मोठ्याने. घरी मला अहिराणी कळायची, पण ती बोलावी लागू नये म्हणून मी मान हलवून काम भागवायचे.

पहिल्याच आठवड्यात एकदा बाजाराच्या रस्त्यावर दुकानातून वह्या घ्यायच्या होत्या, म्हणून मी चौकात उजवा हात सरळ बाहेर काढला. समोरून कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार येत होती. पेट्रोल मिळत नसल्यामुळे तिच्या पाठीला मोठी भट्टी बसवलेली असते, आणि एकदा थांबली की पुन्हा चालू करायला बराच वेळ लागतो. ती धापा टाकत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि बंद पडली. आतल्या माणसांनी सरकून जागा केली.

"या ताई, बसा," ड्रायव्हर म्हणाला. "सायकल टपवर टाकतो."

मी मान हलवली. मला नाही म्हणायचं होतं. त्याला हो वाटलं, आणि क्लीनर सायकल उचलायला खाली उतरला. मी ती त्याच्या हातून ओढून घेतली आणि पळाले. मागे मोटारीतल्या एक बाई कोणाला तरी म्हणत होत्या, "येडी शे का काय? हात दखाडस नि पळी जास."

डावीकडे वळण्यासाठी हात गोल फिरवला, तेव्हा एका गाडीवानाने आकाशाकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं की मी घार दाखवते आहे. त्यानंतर मी खुणा करणं सोडून दिलं. नुसती घंटी वाजवायचे, तीही हळू.

मोटारीची हकिगत कोर्टातून घरी आली. वडिलांच्या एका अशिलाने ती डोळ्यांनी पाहिली होती. वडील फुईकडे वळले. वडिलांच्या बहिणीला आम्ही फुई म्हणतो. ती आमच्याकडेच असते. तिचा आवाज पहिल्या खोलीतून परसातल्या विहिरीपर्यंत सहज जातो.

"उद्यापाशीन तू टांगामा बठ नि पोरना संगे जाय," वडील म्हणाले.

फुईने आधी गुडघे दुखतात म्हणून कुरकुर केली. मग कपाटातून लग्नाकार्याचं लुगडं काढून ते वाऱ्यावर टाकलं. तिला एरवी गल्लीबाहेर जायला निमित्त मिळत नाही.

टांगा ठरवला तो रोजचा स्टेशनवर उभा राहणारा. टांगेवाला म्हातारा, सभ्य, आणि त्याच्यापेक्षाही सभ्य दिसायचा त्याचा पांढरा घोडा. सायकल आणि टांगा यांनी कसं चालायचं, हे फुईने पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं. सायकल रस्त्याच्या डाव्या कडेने, आणि टांगा तिच्या उजव्या अंगाला, अगदी चिकटून.

"मोटार उनी ते पयले आपले लागी, पोरले नही," तिने टांगेवाल्याला समजावलं.

म्हणजे फुई माझी भिंत झाली. ही भिंत सबंध रस्ताभर बोलत असायची. दारात उभ्या असलेल्या प्रत्येक ओळखीच्या बाईला ती टांग्यातून सांगायची, "आमनी पोर शे ती. मास्तरीण शे." मी हँडलकडे पाहत चालवायचे. माझ्या पॅडलच्या शेजारी टांग्याचं चाक फिरत असायचं. टांग्याच्या छपरामुळे टांगेवाल्याला मी दिसत नसे, आणि मला दिसायचे ते घोड्याचे कान.

त्या कानांकडे पाहून एक गोष्ट मला कळायला लागली होती. माणसाच्या तोंडावरून तो कुठे वळणार ते कळत नाही. गाडीवान तर बहुधा झोपलेलाच असतो. पण जनावराची मान वळायच्या जरा आधी तिकडे जाते. बैलांच्या माना बघून मी मागेच थांबायचे, आणि गाडी वळून गेली की पुढे निघायचे. हे सगळं मनातल्या मनात चाले. घोड्याची मान मात्र सदा सरळ असायची, त्यामुळे मी निर्धास्त होते.

ती सरळ का असायची हे नंतर कळलं. लढाईमुळे सुरतेकडून येणारी सकाळची पॅसेंजर रोज उशिरा यायची. आम्ही चौक ओलांडून शाळेजवळ पोचायचो, तेव्हा कुठे तिची शिट्टी ऐकू यायची. घोडा तिथेही जरा थबकायचा. फुई म्हणायची, दमला बिचारा.

आणि एक दिवस गाडी वेळेवर आली.

आम्ही चौकाच्या बरोबर मधोमध होतो. शिट्टी झाली. घोड्याचे कान ताठ उभे राहिले, आणि मी काही करायच्या आत त्याची मान डावीकडे गेली. त्याच्यामागे टांगा गेला, आणि टांग्याच्या आणि स्टेशनरस्त्याच्या मध्ये मी होते. ओरडायला हवं होतं. मी घंटी वाजवली.

टांग्याच्या चाकाचा मधला तुंबा माझ्या मडगार्डला लागला. मला डावीकडे वळण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. कोपऱ्यावर मिरचीच्या गाड्या उभ्या होत्या. हँडल एका पोत्यात घुसलं आणि सुतळी तुटून वाळलेली मिरची भसाभस रस्त्यावर आली. टांग्याचं चाक तिच्यावरून गेलं. मग गाडीवान शिंकला, फुई शिंकली, टांगेवाला शिंकला. घोडा शिंकला, पण थांबला नाही. मी डोळे मिटून टांग्याचा दांडा धरला आणि सायकलवरून तशीच ओढली गेले.

स्टेशनसमोर टांग्यांच्या ओळीत आपली नेहमीची जागा पाहून घोडा उभा राहिला. त्याने मान खाली घातली आणि चाऱ्याची वाट पाहू लागला. एक हमाल धावत आला.

"सामान कोठे शे, बाई?"

फुई अजून शिंकत होती. तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

मला काही लागलं नव्हतं. पण मडगार्ड वाकडं झालं होतं, आणि धक्का सगळ्या चौकाने पाहिला होता. त्या दिवशी शाळेत मी मुलींना जी कविता शिकवली, तिच्यात कोणकोणती फुलं होती ते मला सांगता येणार नाही. काकांचं शेत डोळ्यांपुढे येत होतं, आणि मिरचीमुळे डोळे गळत होते. पहिल्या बाकावरच्या मुलींना कविता करुण असावी असं वाटलं आणि त्याही रडल्या.

संध्याकाळी घरी कोर्ट भरलं. वडील झोपाळ्यावर. टांगेवाला उंबऱ्यापाशी टोपी नीट करत उभा. मी दाराआड.

"लगाम खेचला नाही?" वडिलांनी विचारलं.

"खेचा था वकीलसाब. मगर ये घोडा इष्टेसन का है. सीटी हुई तो फिर मेरा भी नहीं रहता."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"किसीने पूछा नहीं, साब."

"आणि बाजूला सायकल आहे हे दिसत नव्हतं?"

"छत के आड में कैसे दिखेगी? बाईजी हैं के पीछे रह गयीं, मुझे क्या मालूम. आवाज ही नहीं करतीं."

वडिलांनी झोपाळा थांबवला. "धक्का लागला तो लागला. सायकल उद्या शेतावर जाईल."

मी दाराआड तशीच उभी राहिले. मला पुष्कळ मुद्दे सुचत होते, पण सगळे इंग्रजीत.

तेवढ्यात फुई उठली. "गुन्हा घोडाना," ती म्हणाली, "मंग सजा सायकलले कसाले? घोडाले धाड वावरमा."

"घोडा आपला नही."

"टांगा कोनी ठरावा? तू. बाजूले कोनी चालाडा? मी. पोरनी काय करं?"

"तिनी काहीच करं नही," वडील म्हणाले. "तोच घोर शे माले." मग ते दाराकडे पाहून माझ्याशी बोलले. "बाहेर ये. तू वळणाऱ्याला पाहतेस, हे येताजाता मी पाहिलंय. पण वळणाऱ्याला तू आहेस हे कळायला नको का? उद्या मी चौकात उभा राहीन. टांगा मागे राहील. तू तुझी नीट पार झालीस तर पाहू."

रात्री जेवताना फुईने मला एकच उपाय सांगितला. "माले हाक मार, मी वरडसू."

दुसऱ्या दिवशी वडील चौकात पानाच्या दुकानापुढे उभे होते. ते पान खात नाहीत, म्हणून पानवाला त्यांच्याकडे संशयाने पाहत होता. मी आले. माझ्या मागे बरंच अंतर ठेवून टांगा येत होता. माझ्या पुढे उजव्या अंगाला मिरचीची लांबलचक गाडी होती, वर गाडीवान घोंगडीत गुरफटून झोपलेला. बाजार उजवीकडे, म्हणून मी धरून चालले की गाडी उजवीकडे जाईल आणि मला डावीकडून वाट मिळेल. पण बैलांच्या माना डावीकडे गेल्या. आज माल रेल्वेने जायचा असावा. मी सायकलवरून उतरले आणि गाडीच्या मागे थांबले. इथपर्यंत सगळं माझ्या पद्धतीने झालं.

मग शिट्टी झाली. गाडी सलग दुसऱ्या दिवशी वेळेवर आली होती.

मागे टापा वाजल्या. घोड्याने मधलं अंतर तोडलं आणि तो डावीकडे वळायला दौडत निघाला. पुढे मिरचीच्या गाडीची शेपूट वळताना माझ्याकडे येत होती. फुईला हाक मारायची म्हणून मी मागे पाहिलं. फुई दोन्ही हातांनी छपराचा दांडा धरून डोळे गच्च मिटून बसली होती. तिला कालची मिरची आठवत असणार.

तेव्हा मी ओरडले. काय ओरडायचं ते ठरवलेलं नव्हतं.

"ओ भाऊ, थांबाड तुन्हा बैल. आंधया शे का तू? नि ओ टांगावाला, घोडा धर. मी आठे उभी शे, मी समोर जाई ऱ्हायनू."

घोंगडीतून डोकं वर आलं आणि बैल थांबले. घोडा थांबला. टांगेवाला नंतर म्हणाला की त्याला वाटलं फुईच उतरून पुढे गेली. उजवीकडून येणारी कोळशाची मोटार थांबली आणि बंद पडली. रस्ता ओलांडू लागलेले वडील एक पाय उचललेला तसाच ठेवून उभे राहिले. सगळा चौक माझ्याकडे पाहत होता. मी सायकलवर बसले आणि मधून सरळ निघून गेले. माझे कान इतके तापले होते की शाळेत पोचल्यावर मी ते पाण्याने धुतले.

संध्याकाळी वडील झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचत होते. मी पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांनी पान उलटलं.

"आवाज फुईवर गेलाय तुझा," ते म्हणाले. "मडगार्ड सरळ करून घे."

आता मला टांगा लागत नाही. चौकात मी मागे थांबते, माना पाहते, आणि गरज पडली की हाक मारते. गाडीवानांना ती ओळखीची झाली आहे. काही जण तर मी काही बोलायच्या आतच म्हणतात, "जाय माय, तू समोर जाय." घरी मी अजूनही मान हलवूनच बोलते.

फुईने मात्र टांगा सोडलेला नाही. माझ्या संरक्षणासाठी, असं ती वडिलांना सांगते. सकाळी ती लुगडं नेसून माझ्याबरोबर निघते, चौकापर्यंत मागून येते, आणि मग शिट्टीची वाट न पाहता घोडा तिला स्टेशनवर घेऊन जातो. तिथे खांडबाऱ्याकडून येणाऱ्या बायका उतरतात. त्यांच्याकडून ती चार गावांच्या बातम्या घेते, आणि गाडी उशिरा असेल त्या दिवशी मला शाळा सुटल्यावर ती चौकात भेटते, तेव्हा कुठे घराकडे निघालेली.