रुमल्याचं बी

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेली नाही. बायकोनेही नाही, आणि तिचा तर हात लागला होता त्याला. तुम्हाला सांगतो. का, ते विचारू नका.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचं हे. मी शेतकी खात्यात कामाला होतो. काम सोपं — तीच तीन भातं तीन ठिकाणी लावायची. प्रकाशा गावाला तापीच्या गाळात, ब्राह्मणपुरीच्या काळ्या रानात, आणि वर काठीकडे मुरमाड उतारावर. जे तिन्हीकडे सारखं भरेल ते खरं. घरात वाघ नि बाहेर शेळी असलं वाण साहेबांना नको होतं. दोन भातं सरकारी. तिसरं रुमल्याचं. हा काठीकडचा भिल्ल, उतारावरचं शेत त्याचंच. साहेबांनी मागितलं म्हणून त्याने घरातलं बी काढून दिलं. सगळं, बरं का.

लावणीच्या वेळी साहेबांदेखत त्याने माझं एक रोप उपटून पुन्हा लावून दाखवलं. मी फार खोल रोवत होतो म्हणे. "शीक याच्याकडून," साहेब हसले. मी सात पिढ्यांचा शेतकरी, आणि लंगोटीवाल्याकडून शिकू? एवढंच झालं होतं. एवढ्याशासाठी माणूस किती खाली जातो?

त्याचं भात सगळ्यांत आधी पिकलं. खालची दोन्ही शेतं मी वेळेवर कापली. भरघोस! वर मात्र गावाची नवाई व्हायची होती, आणि नवा दाणा देवाला दाखवल्याशिवाय तिथे कुणी विळा लावत नाही. रुमल्या डोंगर उतरून आला. दाणा झडेल, पुजाऱ्याला सांगून नवाई अलीकडे घेऊ का, म्हणाला.

"देवना काममा घाई नको करू," मी म्हणालो. "झडेल दाना बी मोजसूत."

झडलेला दाणाही मोजू, या माझ्या शब्दावर त्याने विश्वास ठेवला. कापणी माझ्यासमोरच व्हायची होती, तरी नवाई झाल्यावरही मी आठ दिवस गेलो नाही — मुद्दाम. गेलो तेव्हा त्याच्या भाताच्या लोंब्या अर्ध्या रिकाम्या होत्या, आणि रुमल्या नि त्याची बायको उकिडवे बसून मातीतून दाणे वेचत होते. टोपलीभर वेचले होते.

"खाले पडेल दाना सरकार नही मोजस," मी म्हणालो, आणि टोपली पायाने कलंडवली. कोंबड्या धावल्या. मी हसलो — हो, हसलो. उभं होतं तेवढं तोललं, पोत्यात घातलं, खाली आणलं. अहवालात लिहिलं, डोंगरात टिकत नाही.

पुढच्या साली डोंगराला सरकारी बी वाटलं. पाऊस लवकर आटोपला, लोंब्या पोचट राहिल्या, माणसं कंद उकरून खाऊ लागली. थंडीत रुमल्या माझ्या दाराशी आला. पार वाळला होता.

"दादा, मन्हं बी दे. मूठभर दे. आजानं शे."

साहेबांकडे गेलं, संपलं, असं मी सांगितलं.

आत चुलीवर त्याच पोत्यातला भात शिजत होता. त्याचा वास दारापर्यंत येत होता. रुमल्याने एकदा आत पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग रामराम करून निघून गेला.

बायकोने ताट वाढलं. मी दोनदा भात घेतला.