तिसऱ्या रांगेतलं हसू

चष्म्याच्या दुकानात ती मागच्या खोलीत बसते. पुढे काउंटरवर मालक गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवतात आणि मागे ती चाकावर काच धरून कडा घासते. काच बसली की जरा दाबून, जरा हलवून बघायची, मग पुसून मऊ कापडात गुंडाळायची. हे करताना तिचे ओठ हलत असतात. मालकांना आधी वाटलं, पोरगी देवाचं नाव घेते. एकदा जवळ जाऊन ऐकलं, तर ती एका नवऱ्याला घराबाहेर काढत होती. तेव्हापासून दुकानात तिचं नाव 'नाटकी' पडलं.

तो नवरा ज्या नाटकातला, ते तिनं अकरा वेळा पाहिलं होतं, तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसून. त्यातल्या सात वेळा प्रयोगानंतर ती रंगपटाच्या दाराशीही गेली होती, नायिकेचं काम करणाऱ्या बाईंना भेटायला. नाटकातलं वाक्य न् वाक्य पाठ, पण बाईंसमोर उभी राहिली की जीभ टाळूला चिकटायची. पहिल्या भेटीत बाईंनी विचारलं होतं, "पहिल्यांदाच आलीस का?" खरं तर ती पाचवी खेप होती, पण घाबरून ती "हो" म्हणाली. पुढच्या वेळी बाईंनी पुन्हा तेच विचारलं. एकदा हो म्हटल्यावर आता नाही कसं म्हणायचं? असं करत ती सात वेळा पहिल्यांदाच आली होती.

दाराशी उभी राहून ती बाकीच्यांना बघायची. कुणी बाईंना सरळ 'अगं' म्हणायचं, कुणी आत जाऊन खुर्ची ओढून बसायचं. अशा वेळी तिच्या छातीत काहीतरी बारीक साचत जायचं, काचेच्या भुग्यासारखं. हात लावला तर टोचणारं आणि फुंकर मारली तरी न उडणारं. बाईंशी मैत्री तिला नको होती. बाईंनी एकदा गर्दीतून बघून तिला ओळखावं, एवढंच हवं होतं.

बाराव्या प्रयोगाला आईनं वहिनीला तिच्या गळ्यात मारलं.

"दादाची दुपारपाळी आहे. ती एकटी घरात बसून काय करणार? ने तिलाही."

वहिनी घरात येऊन चारच महिने झाले होते. वयानं ती हिच्याहून सहा महिन्यांनी मोठी, आणि शाळेच्या गॅदरिंगपलीकडे तिनं नाटक पाहिलं नव्हतं.

"वन्सं, झोप लागली तर कोपर मारा हं," वहिनी मुद्दाम मान देऊन म्हणाली.

"झोप खुशाल. घोरू नकोस म्हणजे झालं."

नाटकात बाई जुनं कपाट विकत घ्यायला एका घरी येतात. घरमालक आत जातो. बाई पदरानं एक खुर्ची पुसतात, कडा, पाठ, हात, सगळं नीट पुसतात, आणि दुसऱ्याच खुर्चीवर बसतात. इथे आजवर कुणी हसलं नव्हतं. वहिनी हसली. मोठ्यानं, एकटीच. तोंडावर हात गेला तोवर उशीर झाला होता. हिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण बाईंनी प्रेक्षकांकडे न बघता आपल्या खुर्चीकडे संशयानं पाहिलं, उठल्या, तीही पुसली आणि उभ्याच राहिल्या. सगळं नाट्यगृह हसलं.

अकरा वेळा न घडलेलं काहीतरी आज घडलं होतं, आणि ते वहिनीमुळे.

मग हिचा सगळ्यात लाडका प्रसंग आला. बाई कपाट उघडून आत बघतात, हळूच बंद करतात आणि घरमालकाला विचारतात, "आत एक माणूस आहे. भावात तो धरलाय का?" बाईंचा हात कपाटाच्या दाराकडे गेला तसं हिला नेहमीसारखं मनापासून हसू आलं.

प्रयोगानंतर दोघी रंगपटाशी गेल्या तर बाई आतूनच विचारत होत्या, "आज खुर्चीला कोण हसलं गं?"

"मी," वहिनी पटकन म्हणाली. "माझी आई अगदी अशीच करते. पाहुण्यांच्या घरीसुद्धा."

बाईंनी तिला आत बोलावलं, स्टूल दिलं, हात हातात घेतला. ही दारात उभी राहिली, दोघींच्या पर्सा सांभाळत.

"असं माणूस समोर असलं की काम करायला मजा येते," बाई चेहऱ्यावरचा रंग पुसत म्हणाल्या. "नाहीतर तिसऱ्या रांगेत एकजण येतं. मी कपाट उघडायच्या आतच खिदळतं. लोक तिकडे वळून बघतात आणि माझं वाक्य वाया. दोन महिने झाले, मी ते धावत म्हणून टाकते. तुझ्या आसपासच असणार. दिसलं का कोणी?"

दोन महिने ते वाक्य घाईत जातंय, हे हिला कळलं होतं. हिनं मनातल्या मनात घरमालकाचं काम करणाऱ्या नटाला दोष दिला होता.

वहिनीनं एकदाच दाराकडे पाहिलं. "नाही बाई. मी तुमच्याकडेच बघत होते."

झाकली मूठ झाकलेलीच राहिली होती. वहिनी उठली. बाई तिला म्हणाल्या, "परत ये हं. तुला नाही विसरणार मी."

"ती मी आहे," ही दारातून म्हणाली. सात भेटींत आवाज इतका स्वच्छ कधी निघाला नव्हता.

बाईंचा कापूस भुवईवर थांबला. "तू? पहिल्यांदाच आलीस ना?"

"नाही. आजची बारावी खेप."

कपड्यांच्या घड्या करणारी मदतनीसही थांबून बघू लागली.

"अगं, मग हसू जरा धरून ठेवायला काय होतं?"

"पुढे काय आहे ते माहीत असतं. आधीच येतं."

"मलाही माहीत असतं," बाई म्हणाल्या. "मी हसते का?"

"नाही."

"पुढच्या वेळी त्याच खुर्चीवर बस. कपाटापाशी आले की मी तुझ्याकडे बघणार आहे. हसलीस तर तिथेच प्रयोग थांबवीन."

रस्त्यावर आल्यावरही तिचे कान तापलेले होते. वहिनीनं आपली पर्स मागून घेतली.

"कशाला बोललीस? मी घेतलं होतं ना सांभाळून."

ही भराभर चालू लागली. लाज वाटत होती आणि त्या लाजेखालून काहीतरी गोड वर येत होतं, त्याचीही लाज वाटत होती.

"बाई आता तुझ्याकडे बघणार म्हणजे," वहिनी म्हणाली. "मलाही यायचंय. दोन तिकिटं काढशील ना?"

"काढीन की. तुझं बाल्कनीतलं."

वहिनी हसली. हिनं मात्र हसू धरून ठेवलं.