सुट्टी कोणाला हवी होती

पनवेलच्या त्या वृद्धाश्रमात आम्ही नवरा-बायको कामाला लागलो तेव्हा मी मनातल्या मनात स्वतःला बराच मोठा माणूस समजत होतो. त्याआधी नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या शाळेत मी कारकून होतो आणि बायको मिशनच्याच दवाखान्यात नर्स. मुलगी लग्न होऊन लांब गेली, शाळेने मला घरी बसवलं, आणि आमच्या पाळकसाहेबांनी सुचवलं की पनवेलला एका ट्रस्टच्या वृद्धाश्रमात राहून काम करणारं जोडपं हवं आहे. मी लगेच हो म्हणालो. बायकोने विचारलं, "खोली केवढी आहे? पाण्याचं कसं?"

"अगं, प्रभू बोलावतोय," मी म्हणालो.

"बोलावू दे. पण पाण्याचं विचारून घ्या."

मी विचारलं नाही. पाणी एक दिवसाआड येतं हे तिथे सामान उतरवल्यावर कळलं.

आश्रम पळस्प्याच्या बाजूला, हायवेपासून थोडा आत होता. ट्रकचा आवाज दिवसभर यायचा, पण म्हाताऱ्या माणसांपैकी निम्म्यांना तो ऐकूच येत नसे. ख्रिस्ती माणसं थोडी, बाकी सगळ्या जातीधर्माची. बायकोकडे औषधं, मलमपट्टी, अंघोळी, स्वयंपाकघर आणि रात्री कोणाला काही झालं तर उठणं. माझ्याकडे बाजारहाट, लाइटबिल आणि डॉक्टरांना आणणं-सोडणं. कामाची ही वाटणी माझ्यासारख्या माणसाला फार हलकी वाटायला लागली, म्हणून मी माझी दोन कामं वाढवून घेतली. सकाळी चहाच्या आधी प्रार्थना आणि चहानंतर व्यायाम. व्यायाम मला येत नव्हता. पण शाळेत ऑफिसच्या खिडकीतून ड्रिलमास्तरांना इतकी वर्षं पाहिलं होतं की शिट्टी कधी फुंकायची ते पाठ झालं होतं.

तिथल्या दोघांबद्दल सांगायला हवं. एक आगरी म्हातारी होती, तिला सगळे आय म्हणत. तिच्या मुलांनी जमीन विकून बंगले बांधले होते आणि थोरला म्हणे धाकट्याकडे राहा, धाकटा म्हणे थोरल्याकडे. शेवटी तीच चिडून आश्रमात आली होती. मी मास्तर नव्हतो, पण शिट्टी पाहून ती मला मास्तर म्हणायची. दुसरे चाचा. पनवेलमधलेच कोकणी मुसलमान, जन्मभर जहाजावर स्वयंपाकी. आमच्या आमटीवर त्यांचं रोज काहीतरी म्हणणं असे, आणि ते बहुतेक वेळा बरोबर असे.

आमचं भांडण झालं ते विश्वस्तांच्या वार्षिक भेटीत. चहा-फराळ झाल्यावर त्यांच्यातले एक मोठे गृहस्थ म्हणाले, "तुम्ही दोघं आल्यापासून एकदाही सुट्टी घेतलेली नाही. पंधरा दिवस गावी जाऊन या. आम्ही बदली माणसं पाठवतो."

तेव्हा मी नुसतं आभार मानून बसायला हवं होतं. पण समोर इतकी माणसं, सगळे माझ्याकडे बघतायत. मी उठून उभा राहिलो, हात जोडले आणि म्हणालो, "साहेब, सेवा हीच आमची सुट्टी आहे."

टाळ्या झाल्या. एका बाईंनी डोळे पुसले. मी नम्रपणे खाली बसलो आणि बसता बसता बायकोकडे पाहिलं. ती दारात रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन उभी होती. तिची आई गावी अंथरुणाला खिळली होती. दर रविवारी फोनवर विचारायची, कधी येतेस? आणि ही म्हणायची, सुट्टी मिळाली की येते. हे सगळं मला माहीत होतं. टाळ्यांच्या वेळी ते आठवलं नाही इतकंच.

तिने ट्रे आत नेला आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद केलं. आरडाओरडा नाही, रडणं नाही. माझ्या पानात सगळं वेळेवर वाढलं जाई. फक्त काही सांगायचं असलं की ती आयला बोलावून घेई.

"आये, त्यांना सांगा, गॅस संपत आलाय."

आय दुखऱ्या पायाने टुकटुक करत व्हरांड्यात आली. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. "मास्तर, ती म्हनते गॅस संपत आलाय. आनि म्हनते तुमी लय वाईट वागलाव."

"असं म्हणाली ती?"

"तोंडाने नाय म्हनली."

मी आवाज मुद्दाम चढवून म्हणालो, "तिला सांगा, सिलिंडर कालच सांगितलाय. आणि सेवेला आलेल्या माणसाने स्वतःच्या सुखाचा विचार करायचा नसतो, हेही सांगा."

आय आत गेली. दुपारी जेवायला बसलो तर माझ्या ताटात तळलेले बोंबील होते. नगरकडच्या माझ्या बायकोला बोंबील तळायला आयनेच शिकवलं होतं, आणि ते आमच्याकडे क्वचितच होत. मला वाटलं, आपल्या बोलण्याचा परिणाम झाला. एक-एक बोंबील मी तत्त्वाचा विजय म्हणून खाल्ला. शेजारी बसलेले चाचा माझ्याकडे बघून हसत होते.

"मॅनेजरसाहेब, माफी मागितलीत ते चांगलं केलंत."

"मी? कोणाची?"

"आयने आत जाऊन सांगितलं ना. मास्तर बोलला चुकी झाली, माजं डोकं फिरलं व्हतं. मी तिथेच होतो, मासे साफ करत."

माझ्या तोंडात शेवटचा बोंबील होता. शहाणा माणूस तो गिळून गप्प बसला असता. मी हात धुतले, स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला म्हणालो, "हे बघ, गैरसमज नको. मी माफी वगैरे काही मागितलेली नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, ताट उचललं आणि मोरीत ठेवलं. अबोला पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. आय मला म्हणाली, "मास्तर, तुमाला देवाने जीभ दिली ती परत घेतली तर बरं व्हईल," आणि निरोप पोचवायचं काम तिने सोडून दिलं. आता आम्हाला निरोपही पोचेनासे झाले. मी दोनदा साबण आणला आणि चहापत्ती आणलीच नाही.

पुढच्या महिन्यात तेच मोठे विश्वस्त सहज चक्कर टाकायला आले. हॉलमध्ये बसले, तर चाचा आणि आय समोर खुर्च्या ओढून बसले. मागे बाकीचे जमले. मला वाटलं, आमटीची तक्रार आहे.

चाचा म्हणाले, "साहेब, या दोघांना सुट्टी द्या."

"मी दिली होती. त्यांनाच नको होती. त्यांचे शब्द मी अजून सगळीकडे सांगतो."

"त्यांना नको असेल. आम्हाला पाहिजे आहे. यांच्यापासून."

चाचांनी घसा साफ केला. "माणूस चांगला आहे. दुआ पण दिलसे करतो. पण दुआ लंबी आहे, चहा थंड होतो. आणि दुआ करताना सगळ्यांची नावं घेऊन सगळ्यांचे आजार सांगतो. परवा माझं बद्धकोष्ठ सांगितलं. बायका बसल्या होत्या, साहेब."

"आन शिट्टी," आय म्हणाली. "माजा नवरा व्हता तवा पन मी कोनाच्या शिट्टीवर उठले नाय."

कोपऱ्यात एक बाई बसायच्या, त्या एरवी कधी बोलत नसत. त्या म्हणाल्या, "आवाज पण मोठा आहे."

विश्वस्तांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंडावर हसू ठेवायचा प्रयत्न करत होतो, ते राहत नव्हतं. तेवढ्यात मागून एक आवाज आला. बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. आधी वाटलं रडतेय. ती हसत होती. इतक्या दिवसांनी तिचा आवाज ऐकला तो असा.

"आणि सिस्टर?" विश्वस्तांनी विचारलं. "त्यांच्यापासूनही सुट्टी हवी?"

आयने मान हलवली. "ती गेली तर आमचे हाल व्हतील. पन तिची आय निजलेली हाय तिकरं. जाऊ द्या तिला."

पुढच्या आठवड्यात बदली माणसं आली आणि आम्ही पनवेल स्टँडवरून नगरची एसटी धरली. घाट चढून होईपर्यंत बायको खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "प्रार्थनेत माझ्या गुडघ्याचंही नाव घेता तुम्ही."

"देवाला कळायला नको?"

"त्याला माहीत आहे. तेव्हा दारात दूधवाला उभा असतो, त्याला सांगायची गरज नाही."

मी म्हणालो, "चुकलंच माझं. सुट्टीचंही." हे वाक्य मला आश्रमातच, बोंबलांच्या दिवशी म्हणता आलं असतं.

गावी ती दिवसभर आईजवळ बसायची. तिचे केस विंचरायची, तिला भरवायची, दुपारी तिथेच तिच्या शेजारी झोपून जायची. बायकोला दुपारची झोपलेली मी कितीतरी वर्षांनी पाहत होतो. मला मात्र तिथे काहीच काम नव्हतं. सासूबाईंसाठी प्रार्थना करायला बसलो तर अर्ध्यात त्यांना झोप लागली. मग रोज आश्रमात फोन करायला लागलो. चाचा उचलायचे. "सब खैरियत आहे. जेवतोय. ठेवा."

परत आलो तेव्हा प्रार्थना चहानंतर असं परस्पर ठरून गेलं होतं, आणि आजारांची नावं घ्यायची नाहीत असंही. शिट्टी सापडली नाही. मी चौकशी केली नाही.

त्यानंतर दर वर्षी, कोणी सांगायची वाट न बघता, आम्ही सुट्टीवर जायला लागलो. तिसऱ्या खेपेला आम्ही गावी असतानाच सासूबाई गेल्या. बायको जवळ होती, त्यांचा हात तिच्या हातात होता. अंत्यविधी उरकून पनवेलला परतलो तेव्हा आय हॉलच्या दारातच बसून होती. बायको तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि गावी जे रडू आलं नव्हतं ते तिला आयच्या मांडीवर आलं. मी पुढे झालो, डोळे मिटले, सांत्वनाची चार वाक्यं जुळवायला लागलो.

आय हळूच म्हणाली, "मास्तर, तुमी चाय टाका."

मी स्वयंपाकघरात गेलो. आश्रमाची साखर इतकी वर्षं मीच आणत होतो, पण ती कुठल्या डब्यात असते ते मला चाचांना विचारावं लागलं.