सतरा नंबरचं ताट

रत्नागिरीच्या स्टँडवर उतरले तेव्हा पिशवीत प्रश्नावल्यांचा गठ्ठा होता. संस्थेतली अनाथ मुलं आणि नातेवाइकांकडे वाढणारी अनाथ मुलं स्वतःला काय समजतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय. घरातलं मूल स्वतःला अधिक ओळखतं, हे मी पुण्यातच ठरवून टाकलं होतं.

मुलींची संस्था जांभ्या दगडाची, समुद्राकडे तोंड केलेली. ‘स्वतःची माहिती दहा वाक्यांत लिहा’ हे माझं इंग्रजी शाळेतल्या मराठीतलं वाक्य मुलींनी निमूटपणे वाचलं आणि सगळ्यांनी एकच लिहिलं : आम्ही साडेपाचला उठतो. आम्ही प्रार्थना म्हणतो.

अकरा वर्षांच्या कुंदाने मात्र शेवटी लिहिलं होतं, ‘मला शैला नावाची बहीण आहे.’

आईवडील गेल्यावर मामाने अडीच वर्षांच्या शैलाला पूर्णगडला नेलं, कुंदा इथे आली. त्याला चार वर्षं झाली. नातेवाइकांकडचं मूल म्हणून शैलालाही मी भेटणार होते. आता मामाने कुंदालाही बोलावलं होतं, आणि हो की नाही ते तिनेच संस्थेच्या बाईंना शनिवारपर्यंत सांगायचं होतं.

जेवताना ती माझ्याशेजारी बसली. ताटावर १७ आकडा ठोकलेला.

“हे माझंच. कुणी घेतलं तर मी चावते,” ती शांतपणे म्हणाली. “ताई, तुम्ही पूर्णगडला जाणार ना? तिथं माझं ताट असेल का, बघून याल?”

दुसऱ्या दिवशी पावस गावावरून पूर्णगडला गेले. मामांचं घर पाखाडीच्या (दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या) टोकाला. मामा बोटीवर कामाला होते. मामींनी घावणे (तांदळाची पातळ धिरडी) आणि नारळाचा रस पुढे केला. भिंतीवर हार घातलेला एका लहान मुलीचा फोटो होता. तेवढ्यात तेल लावून वेण्या घातलेली गुटगुटीत मुलगी आली.

“तू शैला ना?” मी विचारलं.

“नाय. मी वासंती.”

मला वाटलं, घर चुकलं. मामींनी तिच्या ताटात घावणे नि रस वाढला. कडेवर कोरलं होतं : ‘चि. वासंती हिस बारशानिमित्त, आत्याकडून.’

मामींनी फोटोकडे पाहिलं. “आमची वासंती तापाने गेली. ही आली नि पंधरा दिवसांत मला आई म्हणाली. माझ्या तोंडात तेच नाव आलं बाय. ही ओ देते. शाळेतही तेच घातलंय.”

वही उघडून मी विचारलं, “तुला काय आवडतं?”

मुलीने मामींकडे पाहिलं.

“वासंतीला रावस आवडायचा,” मामी म्हणाल्या.

“मला रावस आवडतो,” मुलगी म्हणाली.

मामींनी तिच्या तोंडावरचा रस पदराने पुसला. इतक्या मायेने माझं तोंड कुणी पुसल्याचं मला आठवत नाही. मी वहीत काहीच लिहिलं नाही. परतीच्या एसटीत वही मांडीवर तशीच उघडी राहिली.

कुंदाला मी सगळं सांगितलं. खोटं बोलायला जमलं नाही.

“मामी मारते तिला?”

“नाही. खूप जपते.”

“शैला म्हटल्यावर ओ देते?”

“नाही.”

मग ती म्हणाली, “बाईंना सांगा, मी जाते. तिला शैला म्हणणारं कुणीतरी तिथं हवं.”

सतरा नंबरचं ताट संस्थेतच राहणार होतं. म्हणून बाईंना विचारून शनिवारी मी तिला बाजारात नेलं, एक ताट घेतलं.

“काय नाव घालू?” दुकानदाराने छिन्नी उचलली.

“शैला,” कुंदा म्हणाली.

“तू शैला काय गो?”

“नाय. ती माझी बहीण.”

“आणि तुझं?” मी विचारलं.

“माझं मला ठाऊक आहे.”

छिन्नीची टकटक पुण्यापर्यंत कानात होती. घरी आईने जेवायला वाढलं. ताटाच्या कडेवर माझं नाव होतं, बारशाला कोरलेलं. इतकी वर्षं त्या ताटात जेवले, पण ते वाचायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.