नमुना आणलास का?

काकू गेल्याचं मला कुणी कळवलं नाही. मीच फोन केला होता. चालू कामात रंधा मशीनचा पट्टा तुटला, म्हणून तुटका पट्टा हातात धरूनच सातपूरच्या दुकानाचा नंबर लावला. त्या नंबरावर हॅलो नाही, नमस्कार नाही, नेहमी एकच वाक्य यायचं, "बोला, काय तुटलं?" त्या दिवशी पलीकडून कुणीतरी हलकेच "हॅलो" म्हणालं. "मी अश्विनी, काकूंची मुलगी. आई परवा पहाटे गेली... झोपेतच." मी म्हणालो, "बरं बरं, मग मी नंतर करतो." माणूस गेल्याचं ऐकून कुणी असं बोलतं का? पण भ्यालो की माझ्या तोंडून असंच काहीतरी बाहेर पडतं. तिने ते मनावर घेतलं नाही. एवढंच म्हणाली, "दुकानाचं काही ठरलेलं नाही अजून."

मंदाकाकू म्हणजे दुकानाच्या मालकीणबाई. काका आत स्टुलावर बसून जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचे, ग्राइंडर-ड्रिल उघडायचे, आणि दिवसभरात दहा शब्द बोलले तर ती त्यांची सभा. काकू काउंटरवर. काउंटरच्या मागे जुन्या साडीचा पडदा होता आणि पडद्यामागे सुटे भाग. तिथे काकांनाही जायची परवानगी नव्हती. लोक म्हणायचे, काकू, हे सगळं कुठंतरी लिहून ठेवा. त्या कपाळावर बोट टेकवायच्या. "सगळं इथं आहे. मी आहे तोवर दुकान आहे." या वाक्याची मला कायम भीती वाटायची.

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली आणि सुतारकामाला नाशिकला आलो. इथं ना गाव, ना गोत. ज्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो ते गावी परत जाताना त्यांचं रंधा मशीन मला देऊन गेले. जड, जुनं, पण सागवानावर लोण्यासारखं चालणारं. वर्षभरातच त्याचा पट्टा तुटला. मोटारीपासून पात्यापर्यंत फिरणारा दातेरी पट्टा, बांगडीएवढा. तो तुटला की मशीन नुसतं गुरगुरतं, लाकडाला काही करत नाही. कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेलो, तिथला मुलगा म्हणाला, मॉडेल बंद झालंय, पार्ट येत नाही, नवीन मशीन घ्या. मोबाइलवरून मागवला, तर चित्रात तोच आणि पाकिटात भलताच. नवीन घेतलेल्यांचेही हाल मी बघत होतो. त्यांची मशीनं हलकी, रंग झकास, आणि बिघडलं की त्यांनाही हेच उत्तर. मशीन सगळीकडे मिळतं, त्याचा दोन बोटांचा तुकडा कुठेच मिळत नाही.

कुणीतरी काकूंचं दुकान सांगितलं. गेलो. मशीन काउंटरवर ठेवलं. काकू म्हणाल्या, "नमुना?" मला वाटलं, मलाच म्हणाल्या. आमच्याकडे एखाद्याला नमुना म्हटलं की त्याच्या अकलेचा उद्धार झालेला असतो. मी मान खाली घातली. "अरे, तुटलेला पट्टा कुठंय? नमुना आणलास का?" मी म्हणालो, तुटला म्हणून फेकून दिला. काकूंनी आत बघून काकांना हाक मारली. "ऐकलंत का? पट्टा फेकून पट्टा मागायला आलाय. हा बघा खरा नमुना." मग माझ्याकडे वळून, "जा, जिथं फेकलास तिथून शोधून आण. दात मोजल्याशिवाय मी पडद्यामागे पाऊल टाकत नाही." मी साइटवर परत गेलो आणि भुशाच्या गोण्या उपसून, केसांत भुसा घेऊन, पट्टा घेऊन आलो. तेव्हापासून माझं नाव पडलं नमुना. "ए नमुन्या, चहा घे." "नमुन्या, जेवलास का?" या शहरात मला टोपणनाव देणारं ते पहिलं माणूस. नाव ठेवणारं कुणी असलं की माणूस तिथला होतो, हे मला फार उशिरा कळलं.

पट्टा त्यांच्याकडेही नव्हता. त्यांनी दुरुस्ती केंद्राला माझ्यासमोर फोन लावला. "बंद झालं म्हणजे? सात-आठ वर्षांचं मॉडेल, काय शिवकालीन आहे का?" फोन आपटला आणि म्हणाल्या, "उद्या सिन्नरला जायचं. तू पण चल, पिशवी धरायला." सिन्नरला औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचा एक कारखाना बंद पडला होता आणि तिथलं सामान एक भंगारवाला विकत होता. एसटीतून आम्ही दोघं गेलो. काकू खिडकीपाशी, मांडीवर पर्स, पर्समध्ये माझा तुटका पट्टा रुमालात गुंडाळलेला. तिथल्या मशीनचे पट्टे त्यांनी माझ्या पट्ट्याशेजारी धरून दात दाताला लावले. "जुळले. सोयरिकीत दात जुळले की पुरे, घराणं बघत बसू नये." मी म्हणालो, काकू, हा पॅकिंगच्या मशीनचा, माझ्या मशीनला चालेल का? चालताना निसटला तर? हाताला लागलं तर? त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "नमुन्या, तुटला तर पट्टा तुटेल. तू नाही तुटणार." मग मला चहा आणायला पाठवलं. परत आलो तेव्हा पर्सची चेन लावून उभ्या होत्या. "नशीब तुझं. एकच मिळाला."

तो पट्टा केसभर जास्तच रुंद होता. मशीन चालवलं की कडेच्या झाकणाला घासून वास यायचा. काकू काही मान्य करेनात. "नव्या पट्ट्याची सवय होऊ दे मशीनला." त्या पडद्यामागे गेल्यावर काकांनी मला खुणेनं बोलावलं, झाकणाची आतली कड कानशीने घासली, आणि ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी काकू सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत होत्या, "बघा, झाली की नाही सवय?"

नंतरही पट्टे तुटत गेले, कारण तुटणं हा पट्ट्याचा धर्म आहे. दर वेळी मी नमुना न्यायचो, काकू आत जायच्या, बराच वेळ खुडबुड करायच्या आणि एक पट्टा आणून काउंटरवर ठेवायच्या. "शेवटचाच आहे हं. जपून." मी दर वेळी घाबरून घरी जायचो. सगळ्याच गिऱ्हाइकांना त्या शेवटचाच म्हणायच्या, मोटारीचा कार्बन असो नाहीतर स्विच. पण माझ्यासारख्याला ते खरंच वाटतं. एकदा मला विचारलं, आईला फोन कधी करतोस? मी म्हणालो, काम चांगलं चाललं असेल तेव्हा. "म्हणजे वाईट दिवसात त्या माऊलीला काहीच कळत नाही? लाव आत्ता." लावला. फोन माझ्याकडून ओढून घेतला आणि आईला म्हणाल्या, "तुमचा नमुना इथं नीट आहे. दिवाळीला अस्सल नमुना दाखवायला पाठवते." आईला काही कळलं नाही, पण आई त्या दिवशी फोनवर हसली.

...तर अश्विनीशी झालेल्या त्या फोननंतर मी भेटायला गेलो. दुःखाच्या घरी जाताना माणूस रिकाम्या हातानं जातो. माझ्या शर्टच्या खिशात तुटका पट्टा होता. काढून ठेवावा असं दहादा वाटलं, ठेवला नाही. सांगून टाकतो की माझी अडचण मोठी होती. कुणाच्या हाताखाली नाही, स्वतःच्या नावावर घेतलेलं माझं ते पहिलं काम. एका नर्सबाईंच्या नव्या घराची सगळी दारं, आणि त्यांच्या वास्तुशांतीचा मुहूर्त तोंडावर आलेला. दारं चौकटीत बसत नव्हती. हाताच्या रंध्यानं तेवढं सागवान तासून मुहूर्त गाठणं शक्य नव्हतं, आणि दुसऱ्या सुताराकडे मशीन मागणं म्हणजे लग्नसराईत कुणाकडे गळ्यातला दागिना मागण्यासारखं. हे काम बुडालं तर पुन्हा दुसऱ्याची पिशवी उचलायची. आणि काकूंच्या कपाळातलं सगळं काकूंबरोबर गेलेलं.

काका भिंतीला टेकून बसले होते. बाजूला एक नातेवाईक सांगत होते, "दुकान आता काढून टाका. वहिनींनाच सगळं ठाऊक होतं. भंगारवाल्याला एकदा बोलवा, टेम्पो भरून घेऊन जाईल." माझा हात आपोआप खिशावर गेला. मी उठायच्या बेतात होतो, एवढ्यात काकांनी मान वर केली. माझ्या खिशाकडे बघितलं. त्यांच्या तोंडून तोवर मी ऐकलेलं ते सर्वांत लांब वाक्य असेल. "नमुना आणलास का?"

मी हो म्हणालो आणि लाजेनं अर्धा झालो. काका म्हणाले, "मग बसलास कशाला? अश्विनी, किल्ली घे."

दुकान घराखालीच. अश्विनीनं शटर वर केलं आणि आम्ही तिघं त्या साडीच्या पडद्यापाशी उभे राहिलो. काकांनी तो बाजूला केला... त्यांनाही तो पहिल्यांदाच. आत छतापर्यंत डबे होते. बिस्किटांचे, तुपाचे, मिठाईचे. एकावरही चिठ्ठी नाही. मला वाटलं, संपलं. मग अश्विनीनं बल्ब लावला. प्रत्येक डब्याच्या तोंडाला तारेनं काहीतरी बांधलेलं होतं. एकावर झिजलेला कार्बन, एकावर दात गेलेला गिअर, एकावर अर्धा जळालेला स्विच. काकूंनी गिऱ्हाइकाचा एक तुटका नमुना बाहेर बांधला होता आणि त्या जातीचा माल आत ठेवला होता. ज्याच्या हातात नमुना असेल, त्याला वाचायला येवो न येवो, डबा सापडणार. अश्विनीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "सगळं डोक्यात आहे म्हणे! आई, किती गं फेकायचीस." काका म्हणाले, "मला वाटायचं आत विसरत असेल, म्हणून वेळ लागतो." काकू आत नुसत्या डब्यांपुढून फिरत असणार. आणि वर गिऱ्हाइकाला थांबवून ठेवण्यातही त्यांना मजा येत असणार.

मी खिशातला पट्टा काढून एकेका डब्यावरून फिरवत गेलो. खालच्या फळीवर, मिठाईच्या एका डब्याला एक पट्टा बांधलेला होता. दात दाताला लावले, जुळले. त्याच्या फटींत बारीक भुसा अडकलेला होता. गोण्या उपसून आणलेला माझाच पहिला पट्टा. झाकण उघडलं... सिन्नरचा अख्खा गठ्ठा आत होता. एकच मिळाला म्हणालेल्या काकू मला अर्धं आयुष्य पुरतील एवढे पट्टे घेऊन एसटीत माझ्या शेजारी बसून आल्या होत्या, आणि मी वाटभर काळजी करत होतो. मी तिथंच खाली बसलो. रडू येईल असं वाटलं होतं, पण आधी मोठा श्वास आला, कितीतरी दिवसांनी पोटापर्यंत गेलेला.

दारं बसली. नर्सबाईंच्या वास्तुशांतीला मी जेवायला होतो, पंगतीत, पाहुण्यासारखा. भंगारवाल्याला कुणी बोलावलं नाही. अश्विनी आता नोकरीवरून आली की संध्याकाळी काउंटरवर बसते, आणि काकांना दिवसभरात वीसेक शब्द बोलावे लागतात. मागच्या आठवड्यात मी गेलो, तर पडद्याची साडी धुऊन परत लावलेली होती. मी जादाचा एक पट्टा मागितला. घरात असलेला बरा, जिवाला घोर नको. अश्विनी आत गेली. तो डबा कुठल्या फळीवर आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, तरी तिनं चांगला वेळ घेतला, खुडबुड केली. मग पट्टा काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"शेवटचाच आहे हं. जपून."